आधण कधी येईल, एवढं सांगता येतं

शेगडीवर आधण ठेवलं की पहिला बुडबुडा पातेल्याच्या तळातून नेमका कुठून सुटेल, हे कुणालाच सांगता येत नाही. पण पाणी किती, आच किती आणि वर झाकण आहे की नाही, एवढं ठाऊक असेल तर आधण किती वेळात येईल हे रोज स्वयंपाक करणारं माणूस घड्याळाकडे न बघता सांगतं.

पुढच्या मंगळवारी पाऊस पडेल का, हा बुडबुड्याचा प्रश्न. २०७० साली पृथ्वी किती तापलेली असेल, हा आधणाचा. पहिल्याचं भरवशाचं उत्तर दहा-पंधरा दिवसांपलीकडे मिळत नाही, म्हणून दुसऱ्याचंही मिळणार नाही असं समजणं ही या विषयातली सर्वांत जुनी गफलत. ती करणाऱ्यावर चिडण्यात अर्थ नाही. ‘उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही आणि पन्नास वर्षांनंतरचं कसलं सांगताय?’ ही शंका खरी असते, तिला उत्तरही तसंच सरळ द्यायला हवं. त्यात आपल्या बोलण्याने थोडी भर घातली आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘हवा’ वेगळी आणि ‘हवामान’ वेगळं असतं. हवा म्हणजे आजची, या घटकेची. हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. पण बोलताना आपण दोन्हींना हवामानच म्हणतो, आणि उद्याचा पाऊस सांगणारं खातंही हवामान खातंच.

बुडबुड्याचा प्रश्न अवघड का, हे १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ यांना आपल्या संगणकावर दिसलं. वातावरणाचं एक साधं गणित त्यांनी मधूनच पुन्हा सुरू केलं. छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. संगणकाच्या आत तो ०.५०६१२७ होता. एवढ्याशा फरकाने थोड्याच वेळात सगळी हवा वेगळी झाली. म्हणून हवेच्या अंदाजाला आजची स्थिती अचूक लागते. आधणाला ती लागत नाही. तिथे आच आणि झाकण महत्त्वाचं.

हवामानाची मॉडेलं, म्हणजे हवा-समुद्राच्या वागण्याची संगणकावर मांडलेली गणितं, आतून कशी चालतात हे समजून घेण्याचा मला वाटणारा मोठा फायदा वेगळाच आहे. या विषयावर वाचताना माणूस एकतर घाबरून पान उलटतो किंवा ‘होईल काहीतरी’ म्हणून स्वस्थ बसतो. माझं म्हणणं असं की आशा बाहेरून उसनी आणायची गरज नाही. ती याच समीकरणांत बसलेली आहे, फक्त कुठल्या रकान्यात बघायचं ते कळायला हवं. त्यासाठी आधी रकाने मांडू.

सूर्याकडून पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पोचते. पृथ्वी गोल आहे, अर्धी नेहमी अंधारात असते, त्यामुळे सगळ्या पृष्ठभागावर सरासरी वाटली तर वाट्याला चौथा हिस्सा येतो : ३४० वॅट. त्यातला तीसेक टक्के भाग ढग, बर्फ, वाळवंटं परतवून लावतात. उरले २३८. जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, नाहीतर पृथ्वी तापत किंवा गारठत राहील. २३८ वॅट बाहेर टाकायला किती तापमान लागतं, हा बारावीच्या भौतिकशास्त्राचा हिशेब. उत्तर येतं उणे १८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात पृथ्वीचं सरासरी तापमान अधिक १५ च्या आसपास आहे. मधले ३३ अंश हे झाकणाचं काम. झाकण म्हणजे वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि असे आणखी काही वायू. हे वायू उष्णता अडवतात हे युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये आणि जॉन टिंडल यांनी १८५९ पासून प्रयोगांनी दाखवलं होतं. म्हणजे आपल्याकडे १८५७ चा उठाव होत होता त्या सुमाराला हे ज्ञान तयार होत होतं. ते काल-परवाचं नाही.

१८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी पृथ्वीचे अक्षांशांप्रमाणे पट्टे पाडले, चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची मोजमापं वापरली आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर काय होईल, हे हाताने आकडेमोड करत काढलं. उत्तर आलं ५ ते ६ अंश. आज सव्वाशे वर्षांनी, महासंगणक, उपग्रह आणि हिमयुगांचे पुरावे एकत्र करून आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक शास्त्रज्ञ-मंडळाच्या, २०२१ च्या अहवालात त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे : ३ अंश, बहुधा २.५ ते ४ च्या दरम्यान. अऱ्हेनियस यांचा आकडा फुगलेला होता, कारण त्यांच्या हातातली मोजमापं अपुरी होती. पण प्रश्न त्यांनी अचूक विचारला, आणि अजूनही सगळी मॉडेलं एकमेकांशी ताडून बघायला हाच प्रश्न वापरतात.

१९६७ साली स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेचा फक्त एक उभा स्तंभ घेतला. खाली जमीन, वर अवकाश, मध्ये थर. गरम हवा वर चढते हे त्यात घातलं, तापमान वाढलं की वाफही वाढते हे घातलं. दुपटीला उत्तर आलं सव्वादोन अंशांच्या थोडं वर. पण त्याहून मोलाची गोष्ट त्या आलेखाच्या वरच्या टोकाला होती : जमिनीजवळची हवा तापते तेव्हा वरचा स्थितांबर, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतो. सूर्याची आच वाढली असती तर खालची आणि वरची दोन्ही हवा तापली असती. झाकण जाड झालं तरच खाली गरम आणि वर गार असं होतं. पुढच्या दशकांत फुगे आणि उपग्रह यांनी मोजलं तेव्हा नेमकं हेच दिसलं. मोजमाप हाती येण्याआधी वर्तवलेलं आणि मग खरं ठरलेलं, म्हणून या एका आलेखावर माझा इतर पन्नास आलेखांपेक्षा जास्त विश्वास आहे. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता हे सगळं वाचून सोडून न देता स्वतः करून बघण्यासारखं आहे. एक्सेल किंवा गूगल शीट उघडा. पाच रकाने पुरतात.

पहिल्या रकान्यात वर्षं, १८५० पासून २१०० पर्यंत, एकेक वर्षाने. दुसऱ्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, दशलक्ष भागांमागे. १८५० ला २८५, १९५८ ला ३१५, १९९० ला ३५४, २०२४ ला ४२४ एवढे टप्पे धरून मधली वर्षं सरळ रेषेत भरली तरी चालतं. १९५८ पासूनचे आकडे हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथल्या वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केलेल्या मोजणीतून येतात, त्याआधीचे ध्रुवीय बर्फात अडकलेल्या हवेतून. तिसऱ्या रकान्यात आच, इथे म्हणजे झाकण जाड झाल्यामुळे आत अडकणारी जादा उष्णता : ५.३५ गुणिले त्या वर्षीच्या प्रमाणाला २८० ने भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम (शीटमध्ये LN). प्रमाण दुप्पट झालं की ही आच दर चौरस मीटरला ३.७ वॅट होते. २०२४ साठी ती २.२ येते. वीस चौरस मीटरच्या खोलीत ४४ वॅट, म्हणजे एक जुना मंद पिवळा बल्ब. पण तो रात्रंदिवस, सगळ्या पृथ्वीवर, एकदाही न विझता.

चौथा रकाना वरच्या थराच्या तापमानवाढीचा आणि पाचवा खोल समुद्राच्या. दोन्हींची सुरुवात शून्याने. पुढच्या वर्षीचं वरचं तापमान काढायचं ते असं : आच घ्या, त्यातून १.२३ गुणिले आत्ताची वाढ वजा करा, मग ०.७३ गुणिले वरच्या आणि खोल थरांतला फरक वजा करा, उरेल त्याला ७.३ ने भागा आणि आत्ताच्या वाढीत मिळवा. खोल समुद्रासाठी ०.७३ गुणिले तोच फरक, भागिले १०६, अधिक आत्ताची खोल समुद्राची वाढ. झालं. रकाना खालपर्यंत ओढा.

हे आकडे हवेतून काढलेले नाहीत. १.२३ म्हणजे पृथ्वी एक अंशाने तापली की दर चौरस मीटरमागे किती वॅट जास्त बाहेर टाकते ते; ३.७ भागिले ३ केलं की मिळतं. त्या ३ मध्ये वाफ, बर्फ, ढग या सगळ्यांचे उलटसुलट परिणाम दडलेले आहेत. ७.३ ही समुद्राच्या वरच्या पाऊणशे मीटर पाण्याची उष्णता साठवण्याची ताकद, १०६ ही त्याखालच्या हजारभर मीटरची, आणि ०.७३ म्हणजे वरून खाली उष्णता किती सहज झिरपते ते. मोठ्या मॉडेलांचं वागणं तपासून काढलेले हे सरासरी आकडे आहेत.

२०२४ च्या ओळीत उत्तर येईल १.१ ते १.२ अंश, २०१५ च्या ओळीत त्याहून थोडं कमी, १ ते १.१. प्रत्यक्षात २०११ ते २०२० या दशकाची वाढ १.१ अंश मोजली गेली. पाच रकान्यांत हे जमतं तेव्हा अंगावर काटा येतो. पण एक कबुली लगेच द्यायला हवी. आपण फक्त कार्बन डायऑक्साइड धरला. मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांची जास्तीची ऊब आणि धूर, गंधकाचे कण यांची सावली आपण सोडून दिली. त्या दोघांची बरीच वजाबाकी होते, पूर्ण होत नाही. सगळं धरलं तर २०१९ ची आच २.७ च्या आसपास जाते. म्हणजे आपलं उत्तर काही अंशी नशिबाने जुळलं. दोन चुका एकमेकींना झाकतात तेव्हा उत्तर बरोबर दिसतं, हा धोका मोठ्या मॉडेलांनाही आहे.

आता मुद्दाम बिघडवून बघा. एका वर्षाऐवजी दहा-दहा वर्षांच्या उड्या मारा, म्हणजे प्रत्येक भर दहाने गुणा. तापमान एकदा वर, एकदा खाली, मग आणखी वर, आणखी खाली असं पिसाळेल. पाच वर्षांची उडी घेतली तर थोडं डगमगून सावरेल. कारण साधं आहे : वरचा थर तीन-चार वर्षांत जुळवून घेतो, आणि आपण त्याला दहा वर्षं तपासलंच नाही, तर त्याने भलतीच मोठी उडी मारलेली असते. मोठ्या मॉडेलांत, जिथे पृथ्वी चौकोनांत कापलेली असते, हेच कोडं रोजचं. शंभर किलोमीटरचा चौकोन असेल आणि वरच्या थरातला वारा सेकंदाला शंभर मीटर वाहत असेल तर तो हजार सेकंदांत, म्हणजे सोळा-सतरा मिनिटांत चौकोन ओलांडतो. गणिताचं पाऊल त्याहून मोठं टाकलं की मॉडेल फुटतं. हवेच्या गणिताची पहिली मोठी फसगतही अशा वेगवान हालचालींनीच केली. लुइस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांचं गणित हाताने केलं, १९२२ मध्ये छापलं, आणि त्यात हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलतो असं आलं. त्या दिवशी दाब जवळजवळ हललाच नव्हता. समीकरणं बरोबर होती. सुरुवातीच्या आकड्यांतला गोंगाट गाळून घेतला नव्हता. तो गाळला की त्यांच्याच पद्धतीने समंजस उत्तर येतं, हे नंतर दाखवलं गेलं. रिचर्डसन यांनी ती चूक लपवली नाही, जशीच्या तशी छापली. या शास्त्राच्या सुरुवातीलाच असा प्रामाणिकपणा आहे, याचं मला फार मोल वाटतं.

पाच रकान्यांचं मॉडेल पृथ्वीचं तापमान सांगतं, सातारा जिल्ह्यातला पाऊस सांगत नाही. त्यासाठी पृथ्वी चौकोनांत कापावी लागते, हवेचे डझनावारी थर, समुद्राचे थर, जमीन, बर्फ, जंगलं, आणि प्रत्येक चौकोनात वारा, दाब, वाफ, उष्णता यांची समीकरणं. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने, आयआयटीएमने, असं मॉडेल उभं केलं. जगभरच्या मॉडेलांच्या एकत्रित तुलनेत, सीएमआयपी-६ मध्ये, दक्षिण आशियातून गेलेलं ते पहिलं. त्याच्या वातावरणाचा चौकोन साधारण दोनशे किलोमीटरचा.

दोनशे किलोमीटर म्हणजे काय, ते आपल्याला सह्याद्रीवरून चटकन कळतं. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथून पाचगणीमार्गे पसरणीचा घाट उतरून वाईला आलं की रस्त्याने बत्तीसेक किलोमीटर होतात, आणि पाऊस हजाराच्या आत. कोकणपट्टी, घाटमाथा, मावळ आणि दुष्काळी माण-खटाव हे सगळं एका चौकोनात येतं, आणि मॉडेलला त्या चौकोनासाठी एकच उंची, एकच पाऊस ठेवावा लागतो. १४०० मीटरचा डोंगर सरासरीत सपाट होऊन बुटकी टेकडी होतो. ढग अडतच नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा त्याच मुंबईच्या कुलाब्याला ७३ मिलिमीटर होता. हा फरक कुठल्या चौकोनात मावणार?

मग चौकोन बारीक का करत नाहीत? चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि काळाचं पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे काम आठपट. दोनशेवरून सहा किलोमीटरवर यायचं तर साधारण ३७ हजार पट. हवेच्या अंदाजासाठी हे शक्य झालं आहे : २०२४ मध्ये पुण्याला ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला कोटभर अब्ज आकडेमोडी करणारा, महासंगणक आला आणि मे २०२५ पासून सहा किलोमीटरचा चौकोन असलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. पण तो अंदाज काही दिवसांचा असतो. हवामानाला दीडशे वर्षं मागची आणि ऐंशी पुढची पळवावी लागतात, तीही अनेकदा.

त्यातही पळवण्याआधीचं काम लोकांच्या लक्षात येत नाही. मॉडेल सुरू करून आधी शेकडो वर्षं १८५० च्या परिस्थितीत नुसतं चालू ठेवतात, कारण खोल समुद्राला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. याला स्पिन-अप म्हणतात. वर हवेच्या टोकाला आत येणारी आणि बाहेर जाणारी ऊर्जा दर चौरस मीटरला वॅटच्या काही दशांशांपर्यंत जुळली नाही, तर कुणी काही न करताही समुद्र तापत राहतो. मग त्या खोट्या तापण्यातून खरं तापणं वेगळं काढत बसावं लागतं. जुळवायचं तर बहुतेक वेळा ढगांच्या स्क्रूला हात घालावा लागतो : ढगातले थेंब किती मोठे झाल्यावर पाऊस म्हणून पडतील, वर चढणारा ढग आजूबाजूची कोरडी हवा किती ओढून घेईल. ढग किलोमीटरभराचा आणि चौकोन दोनशेचा, त्यामुळे ढग मॉडेलला दिसत नाहीत. त्यांचा सरासरी परिणाम सूत्राने घालावा लागतो. मॉडेलामॉडेलांत जो फरक पडतो त्याचा मोठा वाटा इथला आहे. सीएमआयपी-६ मधल्या मॉडेलांची दुपटीची उत्तरं १.८ पासून ५.६ अंशांपर्यंत पसरली. काही मॉडेलं गेल्या शतकाचं तापणंच प्रमाणाबाहेर दाखवत होती. आयपीसीसीने सगळ्यांची डोळे मिटून सरासरी काढली नाही, प्रत्यक्ष मोजमापांची फुटपट्टी लावून ती उत्तरं आवळली. हे करायलाच हवं होतं.

मॉडेलवर विश्वास ठेवायचा तो अशा परीक्षांवरून. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने गंधकाचा प्रचंड ढग स्थितांबरात फेकला. जेम्स हॅन्सन यांच्या गटाने मॉडेल चालवून सांगितलं की जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल आणि काही वर्षांत पूर्ववत होईल. तसंच झालं. २०२० मध्ये झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळातले १७ जुने अंदाज तपासले. १० प्रत्यक्षाशी जुळले. उरलेल्यांपैकी काहींचं भौतिकशास्त्र बरोबर होतं, फक्त माणसं किती धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू, सोडतील याचा अंदाज चुकला होता. तो दुरुस्त केल्यावर जुळणारे झाले १४. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो. निसर्गाचं गणित बसलं होतं, चुकलं ते माणसांच्या वागण्याबद्दलचं भाकीत.

मॉन्सूनबद्दल मात्र एवढ्या ठामपणे बोलू नये. तापमान एक अंशाने वाढलं की हवेत सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणून पाऊस वाढायला हवा, आणि बहुतेक मॉडेलं तसंच सांगतात. प्रत्यक्षात १९५१ ते २०१५ या काळात भारताचा उन्हाळी मॉन्सून सुमारे सहा टक्क्यांनी घटला. कारण तेच, सावली : उत्तर भारतावरच्या धुरकट कणांनी जमीन पुरेशी तापू दिली नाही. इकडे हिंदी महासागर त्याच काळात एक अंशाने तापला, त्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला तो फरक घटला, ज्याच्या जोरावर मॉन्सून येतो. त्याच वेळी मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणारा पाऊस १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढला. एकूण कमी आणि पडेल तेव्हा धो धो. शेतकऱ्याला याहून वाईट जोडी कोणती?

मृग, आर्द्रा, त्यांची वाहनं, हेही एक मॉडेलच होतं. शतकानुशतकांच्या आठवणींवर बांधलेलं. त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण आठवणींचं मॉडेल गेल्यासारखंच पुढचं येईल या भरवशावर चालतं. पाया सरकला की ते निरुपयोगी होतं. भौतिकशास्त्रावरचं मॉडेल पाया सरकतानाही चालतं, म्हणून त्याची गरज.

म्हणून कुणी ‘तुमच्या तालुक्यात २०५० साली अमुक मिलिमीटर’ असा आकडा पुढे केला तर सावध व्हावं. तो किती मॉडेलांचा आहे, चौकोन केवढा, आजच्या पर्जन्यमापकाशी तो ताडून दुरुस्त केला आहे का, कोणत्या काळाच्या तुलनेत, आणि सर्वांत महत्त्वाचं, धुराचा कोणता मार्ग धरून. भारताच्या २०२० च्या हवामानबदल अहवालातला शतकाअखेरच्या ४.४ अंशांचा आकडा वर्तमानपत्रांतून गाजला. तो सर्वांत जास्त उत्सर्जनाच्या मार्गावरचा होता. मार्ग न सांगता दिलेला आकडा म्हणजे गॅसचं बटण किती फिरवलंय ते न सांगता आधणाची वेळ सांगणं.

आता पुन्हा आपल्या शीटकडे. २०२४ नंतर दुसऱ्या रकान्यात सगळीकडे ४२४ भरा, म्हणजे हवेतला कार्बन आहे तिथेच गोठवला. तापमान तरीही चढत राहील : २१०० ला १.४ च्या आसपास आणि पुढच्या काही शतकांत १.८ पर्यंत, कारण खोल समुद्र हळूहळू तापून वरची उष्णता ओढणं कमी करतो. हा आलेख दाखवून ‘आता काहीही केलं तरी तापमान वाढतच राहणार’ असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. चांगल्या, कळकळीच्या माणसांनीही सांगितलं. त्यातून फार मोठी निराशा पसरली.

पण हा प्रश्नच वेगळा होता. प्रमाण ४२४ वर गोठवायचं तर धूर चालूच ठेवावा लागतो, कारण समुद्र आणि जंगलं दरवर्षी आपल्या उत्सर्जनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग शोषून घेतात. धूर खरोखर शून्य केला तर शोषण लगेच थांबत नाही; हवेतलं प्रमाण उतरू लागतं. शीटमध्ये करून बघा : वरचं तापमान आहे तिथे धरून ठेवायला २१०० पर्यंत प्रमाण साधारण ३९० च्या आसपास उतरलं तर पुरतं. कार्बनचक्र आत घेतलेली मोठी मॉडेलं उत्सर्जन थांबल्यावर एवढा उतार सहज दाखवतात. खोल समुद्राचा थकवा आणि शोषणाचा उतार एकमेकांना जवळजवळ तोलतात. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं की तापमानाची चढण थोड्याच वर्षांत थांबते, पुढची काही दशकं तापमान बहुधा ०.३ अंशांहून जास्त वर किंवा खाली जात नाही, असं आयपीसीसीचा अहवाल सांगतो.

हे वाक्य वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत यायला हवं होतं. आपण घसरगुंडीवर नाही आहोत. बटण हातात आहे, आणि ते बंद केलं की आधण शांत होतं.

सगळं शांत होत नाही, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. समुद्राची पातळी शतकानुशतकं वाढत राहील, वितळलेल्या हिमनद्या तापमान थांबलं म्हणून लगेच परत येणार नाहीत. कोळसा थांबला की धुराची सावलीही जाईल आणि झाकलेली थोडी ऊब बाहेर पडेल. त्यावर उतारा म्हणजे मिथेन कमी करणं, कारण तो हवेत बारा वर्षांच्या आसपासच टिकतो आणि लवकर गुण येतो. गळक्या वायुवाहिन्या, कचरा डेपो, कोळसा खाणी इथून सुरुवात करता येते.

याच गणितातून दुसरा एक सरळ नियम निघाला : दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान ०.४५ अंश वाढतं. १८५० ते २०१९ मध्ये माणसांनी सुमारे २३९० अब्ज टन सोडला. गुणून बघा, १.०८ येईल. सध्या जग वर्षाला चाळीस अब्ज टनांहून थोडा जास्त सोडतं, म्हणजे दरवर्षी जवळजवळ दोन शतांश अंश. दीड अंश ही कड्याची धार नाही, की ती ओलांडली म्हणजे सगळं संपलं. २०२४ हे वर्ष एकटं १.५५ वर गेलंच. १.७ हे १.९ पेक्षा बरं, १.९ हे २.१ पेक्षा बरं, आणि हा बरेपणा प्रत्येक टनागणिक मोजता येतो. कोणत्याही टप्प्यावर ‘आता उशीर झाला’ असं या नियमात कुठेही लिहिलेलं नाही.

२०१४ च्या आयपीसीसी अहवालात जादा प्रयत्न झाले नाहीत तर २१०० पर्यंत ३.७ ते ४.८ अंश असा अंदाज होता. आजची धोरणं जशीच्या तशी चालली तर तो ३ च्या आसपास येतो. तो आकडा भयंकरच आहे. पण दहा वर्षांत भौतिकशास्त्र बदललं नाही, बदलला तो माणसांचा रकाना. २०१० ते २०१९ मध्ये सौरविजेचा खर्च ८५ टक्क्यांनी उतरला, लिथियम बॅटऱ्यांचाही तेवढाच, पवनविजेचा ५५ टक्क्यांनी. भारताची निम्मी वीजक्षमता २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, ठरवलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे, वीज अजून बरीचशी कोळशाचीच आहे. हा फरक झाकला तर आशा पोकळ होते. पण हॅन्सन यांच्या काळातल्या मॉडेलांनी माणसांबद्दल चुकीचं भाकीत केलं होतं, तशी आजचीही चुकू शकतात, आणि या वेळी चूक खालच्या बाजूला पडावी यासाठी काम करता येतं.

शीटमध्ये आणखी एक रकाना वाढवा. त्यात २०२५ पासून जगाचं उत्सर्जन भरा आणि ते सरळ रेषेत २०७० ला शून्यावर आणा. भारताने ग्लासगोला २०२१ मध्ये स्वतःसाठी जाहीर केलेलं वर्ष तेच आहे. प्रत्येक वर्षाचे अब्ज टन मिळवत जा, ०.०००४५ ने गुणा, आजच्या वाढीत घाला. मग तीच उतरण दहा वर्षांनी उशिरा सुरू करून बघा. दोन ओळींमध्ये फरक पडेल सुमारे ०.१८ अंशांचा. सात टक्क्यांच्या हिशेबाने हवेत सव्वा टक्का जास्त वाफ, जुलैच्या एखाद्या संध्याकाळी अरबी समुद्रावरून निघून घाटमाथ्याकडे येणारी.